अमेरिकेत दोन मेडिकल स्कूल्सच्या ऑफर हातात असताना: रेसिडेन्सी आणि रोजचे जगणे तपासून निवड कशी करावी

मार्च-एप्रिलमध्ये ज्यांच्या हातात दोन-तीन मेडिकल स्कूल्सच्या ऑफर असतात, त्यांना सल्ला देणाऱ्यांची वाण नसते. त्यातला बहुतेक सल्ला नावाभोवती फिरतो. रँकिंगचा आधार मात्र आता पूर्वीसारखा उरलेला नाही. जानेवारी २०२३ मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूलने रँकिंग काढणाऱ्या यूएस न्यूजला आकडे देणे थांबवले, पाठोपाठ स्टॅनफर्ड, कोलंबिया, पेन्सिल्व्हेनिया अशी स्कूल्स बाहेर पडली आणि २०२४ मध्ये यूएस न्यूजनेच क्रमांक सोडून गट पाडायला सुरुवात केली.

खरे तर नावाची चिंता जितकी केली जाते तितकी गरजेची नाही. एलसीएमईची (एमडी स्कूल्सना मान्यता देणाऱ्या संस्थेची) मान्यता असलेल्या एमडी स्कूलमधल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी साधारण ९३ ते ९४ टक्के विद्यार्थी मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या (पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाच्या) जागा वाटण्याच्या देशव्यापी पद्धतीत, पहिल्या वर्षाची जागा मिळवतात. डीओ (ऑस्टिओपॅथिक वैद्यक, एमडीला समांतर पदवी) स्कूल्समध्येही हे प्रमाण अलीकडे ९२ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे जागा मिळेल का, हा बहुतेकांचा प्रश्न नसतो. हव्या त्या शाखेत मिळेल का, हव्या त्या भागात मिळेल का आणि तिथवर धडधाकट पोहोचता येईल का, हे प्रश्न असतात. यांची उत्तरे स्कूलच्या वेळापत्रकात, विभागांत, ग्रेडिंगमध्ये आणि कर्जात सापडतात. ती शोधायला दोन आठवडे पुरतात.

सप्टेंबरपासून मागे मोजा

रेसिडेन्सीचे अर्ज चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला, सप्टेंबरच्या अखेरीस प्रोग्राम्ससमोर उघडतात. त्या दिवशी तुमच्या अर्जात काय काय असेल, हे बऱ्याच अंशी स्कूलचे कॅलेंडर ठरवते. म्हणून प्रत्येक स्कूलचा चार वर्षांचा आराखडा उतरवून घ्या आणि कागदावर महिने मांडा.

समजा, पहिल्या स्कूलमध्ये वर्गातला भाग जवळजवळ दोन वर्षांचा आहे. ऑगस्टमध्ये सुरुवात, दुसऱ्या वर्षाच्या मे-जूनमध्ये स्टेप १ (परवाना परीक्षेचा पहिला टप्पा), मग जुलै ते पुढचा जून मुख्य क्लर्कशिप्स, म्हणजे वॉर्डातल्या फेऱ्या. अर्जाआधी हातात उरतात जेमतेम तीन महिने. त्यात स्टेप २ सीकेचा (परवाना परीक्षेच्या दुसऱ्या टप्प्याचा) अभ्यास आणि परीक्षा, स्वतःच्या रुग्णालयातली सब-इंटर्नशिप (इंटर्नसारखी जबाबदारी घेऊन केलेली फेरी), दुसऱ्या शहरात जाऊन केलेली एक-दोन अवे रोटेशन्स आणि शिफारसपत्रे एवढे सगळे बसवायचे. दुसऱ्या स्कूलमध्ये वर्गातला भाग दीड वर्षाचा, स्टेप १ जानेवारी-फेब्रुवारीत, क्लर्कशिप्स मार्च ते पुढचा फेब्रुवारी. तिथे याच कामांना सहा-सात महिने मिळतात.

हा फरक इंटर्नल मेडिसिन किंवा फॅमिली मेडिसिन करणाऱ्याला फारसा जाणवत नाही. पण कान-नाक-घसा, यूरोलॉजी, त्वचारोग, नेत्ररोग या शाखा बहुतेक ठिकाणी मुख्य क्लर्कशिप्समध्ये नसतात. त्यांची गोडी उशिरा लागते. नेत्ररोग आणि यूरोलॉजी यांच्या मॅच स्वतंत्र असतात आणि निकाल फेब्रुवारीतच लागतात, त्यामुळे त्यांची तयारी आणखी लवकर उरकावी लागते. पहिल्या प्रकारच्या कॅलेंडरमध्ये मे महिन्यात शाखा बदलणाऱ्याला बहुधा एक वर्ष थांबावे लागते.

छोट्या वर्गकाळाची किंमतही आहे. तोच अभ्यासक्रम कमी महिन्यांत कोंबलेला असतो आणि काही ठिकाणी पहिल्या वर्षानंतरची उन्हाळ्याची सुट्टी, म्हणजे संशोधन सुरू करण्याची पहिली सोयीची वेळ, आखडते. ड्यूकसारखा वेगळा साचाही असतो: एक वर्ष वर्गात, दुसरे वर्ष वॉर्डात आणि तिसरे संशोधनाला. संशोधनाची ओढ असलेल्याला असा साचा सोन्यासारखा, नसलेल्याला ओझे.

परीक्षांबाबत स्कूलला तीन प्रश्न विचारा. स्टेप १ साठी सलग किती आठवडे मोकळे देता? सहा ते आठ हा नेहमीचा आकडा आहे. स्टेप २ सीकेसाठी अधिकृत रजा आहे का, की ऐच्छिक रोटेशन खर्ची घालून वेळ काढावा लागतो? आणि सराव परीक्षेत ठरावीक गुण न मिळाल्यास स्टेप १ ला बसू देता का? शेवटचा प्रश्न फार कमी जण विचारतात. अडवण्याचे धोरण असलेल्या ठिकाणी परीक्षा पुढे गेली की क्लर्कशिप्सही पुढे सरकतात आणि वर कागदावर मांडलेले सगळे कॅलेंडर कोलमडते.

२६ जानेवारी २०२२ पासून स्टेप १ चा निकाल फक्त पास किंवा नापास असा येतो. त्यामुळे आकड्यातला गुण उरला तो स्टेप २ सीकेचा. स्टेप १ सोपी झाली असे मात्र समजू नका. नापास होणाऱ्यांचे प्रमाण त्यानंतर वाढले आणि नापासाची नोंद अर्जात कायम दिसते. स्कूलचे पहिल्या प्रयत्नातले पास होण्याचे प्रमाण आणि स्टेप २ ची सरासरी, दोन्ही मागून घ्या.

मॅच लिस्ट कशी वाचायची

मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी मॅच डे होतो आणि लवकरच प्रत्येक स्कूलची यादी झळकते. मोठ्या रुग्णालयांची नावे मोजून खूश होण्यासाठी ती यादी फारच सोयीची असते. तिच्यातून काही शिकायचे असेल तर लागोपाठ तीन वर्षांच्या याद्या घ्या. एका वर्षाची यादी म्हणजे त्या तुकडीची आवडनिवड.

आधी छेद शोधा. १५० जणांतून ६ जण त्वचारोगात गेले आणि ९० जणांतून ६ जण गेले, यात फरक आहेच. पण खरा छेद म्हणजे अर्ज किती जणांनी केला. ६ पैकी ६ आणि १४ पैकी ६ यादीत अगदी सारखेच दिसतात. ज्यांना जागा मिळाली नाही ते यादीत नसतात किंवा दुसऱ्या शाखेच्या नावाखाली लपलेले असतात.

मग जागेचा प्रकार पाहा. कॅटेगॉरिकल जागा म्हणजे पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंतचे प्रशिक्षण. प्रिलिमिनरी जागा म्हणजे फक्त एक वर्ष. रेडिओलॉजी, त्वचारोग, नेत्ररोग, भूल, न्यूरोलॉजी अशा शाखांत बऱ्याचदा एक वर्ष प्रिलिमिनरी किंवा ट्रान्झिशनल (वेगवेगळ्या विभागांत फिरण्याचे) आणि त्यापुढे मुख्य प्रशिक्षण असे दोन भाग असतात, तेव्हा तिथे प्रिलिमिनरी दिसली तर बिघडले काहीच नाही. पण नावापुढे फक्त ‘प्रिलिमिनरी सर्जरी’ असेल आणि पुढची जागा लिहिलेली नसेल, तर त्या विद्यार्थ्याला बहुधा हवी ती शाखा मिळाली नाही. अशा नोंदी मोजा.

रुग्णालयाच्या नावातही फसगत होते. माउंट सायनाय या एका नावाखाली न्यूयॉर्कमध्ये इंटर्नल मेडिसिनचे अनेक वेगवेगळे प्रोग्राम्स आहेत. मुख्य रुग्णालय, मॉर्निंगसाइड-वेस्ट, एल्महर्स्ट यांची निवड, स्पर्धा आणि प्रशिक्षण वेगळे. नुसते विद्यापीठाचे नाव लिहिणाऱ्या यादीतून यातले काहीच कळत नाही.

यादीत किती जण स्वतःच्याच स्कूलच्या रुग्णालयात राहिले आणि किती जण त्याच प्रदेशात राहिले, हे शेवटी मोजा. ईरास या रेसिडेन्सीच्या अर्जप्रणालीत आता भौगोलिक पसंती नोंदवता येते आणि प्रोग्राम्सना त्या भागाशी नाते असलेले उमेदवार आवडतात. पुढे कॅलिफोर्नियात राहायचे पक्के असेल तर तिथले मध्यम नावाचे स्कूल दूरच्या भारी नावाच्या स्कूलपेक्षा बरेचदा उपयोगी पडते.

यादीवरून न कळणाऱ्या गोष्टी स्टुडंट अफेअर्सच्या डीनना ईमेलने विचारा. मजकूर असा ठेवा: ‘गेल्या तीन वर्षांत अमुक शाखेसाठी किती विद्यार्थ्यांनी अर्ज केला? किती जणांना पहिल्याच प्रयत्नात जागा मिळाली? त्यांपैकी किती जणांनी संशोधनासाठी जादा वर्ष घेतले होते? किती जण सोपमध्ये गेले? आणि प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण चार वर्षांत पदवीधर झाले?’ सोप ही मॅचच्या आठवड्यात उरलेल्या जागा भरण्याची घाईची फेरी आहे. त्या सोमवारी फक्त जागा मिळाली की नाही एवढेच कळते, कुठे ते शुक्रवारी. सगळे आकडे मिळाले नाहीत तरी उत्तर कसे येते यावरून बरेच समजते. एक डीन तक्ता पाठवतात, दुसरे ‘आमचे विद्यार्थी उत्तम ठिकाणी जातात’ एवढेच लिहितात.

होम प्रोग्राम आहे का?

न्यूरोसर्जरी, ऑर्थोपेडिक्स, त्वचारोग, कान-नाक-घसा, प्लास्टिक सर्जरी यांपैकी एखाद्या शाखेकडे कल असेल तर बाकी सगळ्याच्या आधी हे तपासा. होम प्रोग्राम म्हणजे स्कूलच्याच रुग्णालयात त्या शाखेची रेसिडेन्सी. ती असली की विभागप्रमुखांचे पत्र मिळते, रेसिडेंट्सबरोबर संशोधनात हात घालता येतो आणि ओळखीच्या प्रोग्राममध्ये एक मुलाखत जवळजवळ निश्चित असते. नसेल तर हे सगळे अवे रोटेशन्समध्ये, परक्या शहरात, चार आठवड्यांत मिळवायचे असते. राहण्याचा खर्च अर्थात पदरचा.

संशोधनाची अपेक्षाही फुगली आहे. मॅच चालवणाऱ्या एनआरएमपीच्या २०२४ च्या आकड्यांनुसार न्यूरोसर्जरीत जागा मिळालेल्या एमडी विद्यार्थ्यांच्या नावावर सरासरी ३० हून अधिक शोधनिबंध, गोषवारे आणि सादरीकरणे होती. हा एकत्रित आकडा आहे, एकच काम तीनदा मोजलेलेही त्यात येते. तरी एवढी संख्या विभागाच्या आधाराशिवाय जमत नाही. त्या विभागात गेल्या वर्षी किती विद्यार्थ्यांची नावे निबंधांवर आली, हे पबमेडवर (शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीवर) विभागातल्या दोन-तीन प्राध्यापकांची नावे टाकून अर्ध्या तासात कळते.

सिग्नलची पद्धतही लक्षात घ्या. अर्ज करताना ठरावीक प्रोग्राम्सना ‘मला तुमच्याकडे खरोखर यायचे आहे’ असे कळवता येते. ऑर्थोपेडिक्समध्ये २०२२-२३ च्या हंगामापासून असे ३० सिग्नल मिळू लागले. सिग्नल न दिलेल्या प्रोग्रामकडून मुलाखत येण्याची आशा फार कमी, त्यामुळे शंभर ठिकाणी अर्ज टाकून कमकुवत स्कूलची भरपाई करण्याचा जुना मार्ग जवळजवळ बंद झाला आहे. कुठे सिग्नल द्यायचा हे सांगणारा अनुभवी सल्लागार आता पूर्वीपेक्षा जास्त मोलाचा.

शाखा ठरलीच नसेल तर? बहुतेकांची ठरलेली नसते आणि ज्यांची ठरलेली असते त्यांपैकीही अनेकांची बदलते. तेव्हा एकाच शाखेच्या जोरावर स्कूल निवडू नका. स्वतःचे मोठे रुग्णालय आणि बहुतेक शाखांच्या रेसिडेन्सी असलेले स्कूल दारे उघडी ठेवते, एवढे पुरेसे आहे.

ग्रेड आणि छुपा क्रमांक

पहिली दीड-दोन वर्षे पास-नापास पद्धत असणे आता नेहमीचे आहे. त्यावर समाधान मानू नका. आतल्या आत गुणानुक्रम ठेवला जातो का आणि तो रेसिडेन्सीच्या अर्जासोबत जाणाऱ्या डीनच्या पत्रात उतरतो का, हे विचारा. काही ठिकाणी पास-नापास म्हणतात आणि शेवटी विद्यार्थ्यांचे चार गट पाडून ते पत्रात छापतात. मग स्पर्धा तशीच राहते, फक्त दिसत नाही.

क्लर्कशिप्समध्ये ऑनर्स (सर्वांत वरची ग्रेड) किती जणांना मिळतात, हा पुढचा प्रश्न. एका स्कूलमध्ये निम्म्या वर्गाला ऑनर्स, दुसऱ्यात दहापैकी दोघांना. ऑनर्स शेल्फ परीक्षेच्या (क्लर्कशिपच्या शेवटी होणाऱ्या लेखी परीक्षेच्या) गुणांवर किती आणि वॉर्डातल्या डॉक्टरांच्या शेऱ्यांवर किती अवलंबून आहे, तेही पाहा. शेरे चार वेगवेगळ्या रुग्णालयांतून येत असतील तर नशिबाचा वाटा वाढतो. यूसीएसएफसारख्या (कॅलिफोर्निया विद्यापीठ, सॅन फ्रान्सिस्को) काही स्कूल्सनी मुख्य क्लर्कशिप्सही पास-नापास केल्या आहेत. तिथे जीव शांत राहतो, पण वेगळे उठून दिसायला संशोधन, पत्रे आणि स्टेप २ यांवरच भिस्त ठेवावी लागते.

रोजचे जगणे: पत्रकात नसलेले

कॅम्पस दाखवायला येणारे विद्यार्थी पहिल्या वर्षाचे असतात. उत्साही असतात, आणि वॉर्डात अजून पाऊल न टाकलेलेही. तुम्ही तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शोधा. त्यांतही एखादा वर्ष मागे पडलेला, एखादी लग्न झालेली किंवा मूल असलेली, एखादा दूरच्या राज्यातून आलेला असे बोलायला मिळाले तर उत्तम. ‘इथे आवडते का’ असे विचारलेत तर ‘हो’ असेच उत्तर येईल. त्याऐवजी हे विचारा:

– गेल्या आठवड्यात किती दिवस हजेरी सक्तीची होती? व्याख्यानांचे रेकॉर्डिंग मिळते का?
– सर्जरीच्या क्लर्कशिपमध्ये सकाळी किती वाजता पोहोचावे लागते आणि पार्किंग कुठे मिळते?
– दातांच्या डॉक्टरकडे जायचे असेल तर रजा कशी मागता? कोण नाही म्हणते?
– गेल्या वर्षी कोणी आजारी पडले किंवा घरी अडचण आली, तेव्हा स्कूल कसे वागले?
– अभ्यासाव्यतिरिक्त शेवटचे काय केलेत, आणि कधी?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आठवायला वेळ लागला तर नोंद करा.

अंतर हा सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. अनेक स्कूल्सच्या क्लर्कशिप्स तास-दीड तासावरच्या रुग्णालयांत होतात. काही विद्यापीठांची तर अनेक शहरांत केंद्रे आहेत: इंडियानाची नऊ, इलिनॉयची शिकागो, पिओरिया आणि रॉकफर्ड. तुम्हाला कोणते केंद्र मिळणार, ते कोण ठरवणार आणि तिथे कोणत्या शाखांच्या रेसिडेन्सी आहेत, हे लेखी घ्या. शिकागो समजून गेलात आणि रॉकफर्ड निघाले, तर आयुष्य आणि होम प्रोग्राम दोन्ही बदलले. दूरच्या छोट्या केंद्राचा फायदाही आहेच. तिथे रेसिडेंट्सची गर्दी नसते, म्हणून विद्यार्थ्याला टाके घालायला, प्रसूतीत हात लावायला जास्त मिळते.

समुपदेशनाची सोय कशी आहे ते पाहा. जो डॉक्टर तुमच्यावर उपचार करतो त्याने तुमचे मूल्यमापन करू नये, असा एलसीएमईचा नियम आहे. पण भेटीची वेळ आठवड्याने मिळते की दोन महिन्यांनी, हे विद्यार्थीच सांगू शकतात. जोडीदार, भावंडे किंवा आपली माणसे जवळ असणे याला लाजत लाजत गुण देऊ नका. तिसऱ्या वर्षी, रात्रपाळी संपवून आल्यावर, हा मुद्दा रँकिंगपेक्षा मोठा असतो.

पैसा: इथे घाई नको

समजा दोन ऑफरमध्ये दर वर्षी ३०,००० डॉलरचा फरक आहे आणि तो कर्जाने भरायचा. चार वर्षांत मुद्दल १,२०,०००. व्याज ८ टक्के धरले आणि कर्ज प्रत्येक वर्षाच्या सुरुवातीला घेतले, तर पदवीच्या दिवसापर्यंत व्याजाचे आणखी २४,००० साठतात, कारण विनाअनुदानित कर्जावर व्याज पहिल्या दिवसापासून चालू होते. पुढे रेसिडेन्सीत या फरकावर वर्षाला ९,६०० डॉलर व्याज चढत राहते.

४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने गणित आणखी बदलले. १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना ग्रॅड प्लस (पूर्ण खर्चापर्यंत मिळणारे केंद्राचे) कर्ज मिळणार नाही, आणि वैद्यकीय पदवीसाठी केंद्र सरकारचे कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरवर थांबेल. अनेक खासगी स्कूल्सचा एकूण खर्च याच्या बराच वर जातो. उरलेली रक्कम कुठून येणार, हे घरात बसून आत्ताच मोजा. खासगी कर्जाला सहकर्जदार मागतात आणि त्याला सार्वजनिक सेवेची कर्जमाफी लागू होत नाही. त्या माफीसाठी १२० पात्र हप्ते लागतात आणि ना-नफा रुग्णालयातली रेसिडेन्सी त्यात धरली जाते. सात वर्षांची न्यूरोसर्जरी करणाऱ्याचे ८४ हप्ते तिथेच होऊ शकतात.

फुकट शिक्षण देणारी स्कूल्स आहेत: न्यूयॉर्क विद्यापीठाचे ग्रॉसमन स्कूल २०१८ पासून, अल्बर्ट आइन्स्टाइन २०२४ पासून, आणि पाच वर्षांचे क्लीव्हलँड क्लिनिक लर्नर कॉलेज. यात माफ होते ती फी. घरभाडे आणि जेवण उरतेच.

मदत वाढवून मागायला संकोच करू नका. दुसऱ्या स्कूलचे मदतपत्र जोडून आर्थिक मदत कार्यालयाला चार ओळींचा सभ्य ईमेल पाठवा: तुमच्याकडे यायची इच्छा आहे, फरक इतका आहे, फेरविचार होईल का. तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जायला हवा, तेव्हा निधी शिल्लक असतो.

आमचे मत असे: दोन्ही एमडी स्कूल्स जुनी, दोन्हींचे स्वतःचे रुग्णालय आणि शाखा अजून ठरलेली नाही, अशा वेळी लाखभर डॉलर कमी कर्जाचे स्कूल घ्यावे. स्पर्धेच्या शाखेवर मन पक्के असेल आणि स्वस्त स्कूलमध्ये तिची रेसिडेन्सी नसेल, तरच जास्त पैसे मोजण्याचा विचार करावा.

डीओ, नवी स्कूल्स आणि कॅरिबियन

२०२० मध्ये एमडी आणि डीओ रेसिडेन्सींची मान्यता एकाच छताखाली आली. स्पर्धेच्या शाखांत मात्र डीओ विद्यार्थ्याला कॉमलेक्स या डीओंच्या परवाना परीक्षेबरोबर यूएसएमएलईही (स्टेप १, स्टेप २ ही मालिका) बहुधा द्यावी लागते, म्हणजे दुप्पट परीक्षा. अनेक डीओ स्कूल्सना स्वतःचे रुग्णालय नसते, तेव्हा तिसऱ्या वर्षाच्या जागा कोण शोधते, स्कूल की विद्यार्थी, हे आधी विचारा. नव्या एमडी स्कूलची मान्यता प्राथमिक, तात्पुरती की पूर्ण, ते तपासा. पहिल्या तुकड्यांची मॅच लिस्टच नसते, हा धोका मान्य असेल तरच जा. कॅरिबियन स्कूल आणि अमेरिकेतले कोणतेही स्कूल यांत तुलना करूच नका. परदेशी स्कूलमधून शिकलेल्या अमेरिकन नागरिकांपैकी साधारण दोन तृतीयांश जणांनाच मॅचमध्ये जागा मिळते, आणि वाटेतच गळालेले त्या आकड्यात नसतात.

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नसलेल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. केंद्राचे कर्ज त्यांना मिळत नाही आणि सगळे रेसिडेन्सी प्रोग्राम्स व्हिसा पुरस्कृत करत नाहीत. स्कूलमधून आधी गेलेल्या अशा विद्यार्थ्यांना कुठे जागा मिळाली, ते नेमके विचारा.

तारखा

एएमसीएएसमधून (बहुतेक एमडी स्कूल्सच्या सामायिक अर्जपद्धतीतून) अर्ज केलेल्यांनी १५ एप्रिलपर्यंत जास्तीत जास्त तीन ऑफर हातात ठेवाव्यात आणि ३० एप्रिलपर्यंत ‘प्लॅन टू एनरोल’ एकाच स्कूलसाठी निवडावे, असा संकेत आहे. टेक्सासची टीएमडीएसएएस आणि डीओची पद्धत वेगळी, त्यांच्या तारखा त्यांच्याच पानावर पाहा. सोडायची ऑफर लवकर सोडा, कारण तुमच्यामुळे कोणीतरी प्रतीक्षायादीत अडकलेला असतो.

‘प्लॅन टू एनरोल’ निवडल्यावरही दुसरीकडच्या प्रतीक्षायादीत राहता येते. ‘कमिट टू एनरोल’ दाबले की बाकी सगळ्या ऑफर आणि प्रतीक्षायाद्या सोडाव्या लागतात. ते बटण दाबण्याची मुदत प्रत्येक स्कूल स्वतः ठरवते, ती प्रवेशपत्रात शोधून कॅलेंडरवर टाका. जूनमध्ये प्रतीक्षायादीवरून फोन आला आणि उत्तराला ४८ तास दिले, तर पहिला प्रश्न आर्थिक मदतीच्या पत्राचा. ते हातात येईपर्यंत मुदत वाढवून मागा, बहुतेक कार्यालये एक-दोन दिवस देतात.